सत्ती-अठ्ठी

पत्ते खेळणारा माणूस आयुष्यात कधी वर येत नाही, असं आमच्या वडिलांचं ठाम मत होतं आणि हे मत ते आम्हाला पत्ते पिसता पिसता सांगत असत. मे महिन्याच्या सुट्टीत मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत आत्या, मावश्या आणि त्यांची पोरं मिळून बारा-चौदा माणसांचा मुक्काम पडे. दुपारी बाहेर ऊन मी म्हणत असे आणि आत सतरंजीवर बदाम सात रंगत असे. त्या दोन महिन्यांपुरते पत्ते हे वडिलांच्या लेखी व्यसन नसून ऊन लागू नये म्हणून घ्यायचं औषध होतं.

चौकटच्या सत्ती-अठ्ठीची आणि माझी ओळख त्या सतरंजीवरची. बदाम सात ज्यांना येत नाही असे मराठी वाचक असतील असं वाटत नाही, तरी सांगून टाकतो. बदामची सत्ती ज्याच्याकडे, त्याची उतारी. मग तिला लागून छक्की किंवा अठ्ठी लावायची, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती उघडायची. ज्याचं काहीच लागत नाही त्याने ‘पास’ म्हणायचं आणि तोंड पाडायचं. या खेळात एकाच रंगाची सत्ती आणि अठ्ठी आपल्या हातात आली, की आपण साक्षात स्टेशनमास्तर! आपण सत्ती सोडल्याशिवाय त्या रंगाची गाडीच हलत नाही. दुसरं लागणारं पान हातात आहे तोवर चौकटची सत्ती दाबून ठेवायची, आणि चौकटचा राजा-राणी घेऊन अडकलेल्या आत्याकडे निरागसपणे बघत राहायचं. आत्या शेवटी म्हणायची, ‘‘सोड की रे मेल्या!’’ सत्ता म्हणजे काय हे मला नागरिकशास्त्राच्या आधी सत्तीने शिकवलं.

तेव्हापासून एकाच रंगाची, शेजारशेजारची दोन पानं हातात आली की माझं मन हरखतं. एक्का आला तर माणसाला उगाच दडपण येतं, की आता जिंकायलाच पाहिजे. सत्ती-अठ्ठीचं तसं नाही. ती आपल्यासारखी मध्यमवर्गीय पानं. एकेकटीला कुणी विचारणार नाही. पण दोघी एका रंगाच्या, एकमेकींच्या शेजारी राहणाऱ्या, आणि दोन्ही बाजूंना कुणीतरी येईल अशी आशा. आशा हे मध्यमवर्गाचं एकमेव करमुक्त उत्पन्न आहे. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे हे अधिकाराने सांगू शकतो.

पुढे बँकेत लागलो आणि मुलुंड ते व्ही.टी. सुरू झालं. त्या स्टेशनचं नाव १९९६ साली बदललं, २०१७ साली आणखी लांब झालं. पण आमच्या डब्यात ते अजून व्ही.टी.च आहे. आमच्या आठ-बाराच्या गाडीत चौघांचा रमीचा कंपू होता. टेलिफोनवाले, पोस्टवाले, इन्शुरन्सवाले आणि बँकवाला म्हणजे मी. लोकलच्या डब्यात माणसाला नाव नसतं, खातं असतं. गुडघ्याला गुडघे लावून बसायचं, मध्ये ब्रीफकेस आडवी ठेवायची की झालं टेबल. ब्रीफकेसमधून कागदपत्रंही नेता येतात, हा शोध मला बऱ्याच उशिरा लागला. हरणाऱ्याने उतरल्यावर सगळ्यांना चहा पाजायचा, एवढीच बाजी.

टेलिफोनवाले आमचे गुरू. रमीतल्या शेजारच्या पानांचं शास्त्र मला त्यांनी भांडुप ते विक्रोळी या टप्प्यात समजावून सांगितलं. ‘‘हे बघ बँकवाले, हातात सत्ती-नव्वी धरलीस तर तुला मधली अठ्ठीच लागणार. दोन कॅटांत तुझ्या रंगाच्या अठ्ठ्या किती? दोन. सत्ती-अठ्ठी धरलीस तर छक्की चालेल, नव्वीही चालेल. म्हणजे चार पानं तुझी वाट बघतायत. एक्का-दुर्री धरलीस, तर पुन्हा तिर्रीच पाहिजे. म्हणजे आलास दोनावर.’’

‘‘म्हणजे सत्ती-अठ्ठी उत्तम!’’ मी म्हटलं.

‘‘उत्तम कसली? मधली पानं सगळ्यांच्याच कामाची असतात, म्हणून ती कुणी खाली टाकत नाही. तेव्हा एकच नियम. कुर्ल्यापर्यंत आलं तर आलं. नाही तर दोन्ही टाकायची. कुर्ल्यानंतर जो वाट बघतो तो व्ही.टी.ला चहा पाजतो.’’

त्या वर्षी मी एकट्याने जेवढे चहा पाजले, तेवढे आमच्या लग्नातही झाले नव्हते. कारण कुर्ला गेलं तरी मला वाटायचं, शीवला येईल. शीवला नाही आलं तर माटुंग्याला येईल. पान येईल, येईल म्हणता म्हणता भायखळा यायचं.

तरीपण रमी हा अब्रूचा खेळ आहे, हे मी जबाबदारीने सांगतो. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळणाऱ्यांवर जुगाराचा खटला झाला होता आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६७ साली न्यायालयाने निकाल दिला, की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरावं आणि कुठलं टाकावं याला डोकं लागतं. तीन पत्त्यांच्या खेळाला मात्र न्यायालयाने हा मान दिला नाही; तो नशिबाचा. हा निकाल टेलिफोनवाल्यांना तोंडपाठ होता. तिकीट तपासनीस डब्यात चढला, की त्याने न विचारता ते त्याला तो ऐकवत. तो बिचारा पास बघायला आलेला असे.

आता त्या बदनाम तीन पत्त्यांबद्दल. मुलुंड आणि घाटकोपरला राहणाऱ्या माणसाला श्रावण दोनदा येतो, एक आपला आणि एक गुजराती शेजाऱ्यांचा. आपल्या श्रावणात उपास असतो आणि त्यांच्या श्रावणात उपास अधिक तीन पत्ती. सातम-आठमच्या रात्री, म्हणजे आपल्या गोकुळाष्टमीच्या सुमाराला, आमच्या मजल्यावर समोरच्या ब्लॉकात गादी अंथरली जाई. तिथे सर्वांत तयारीची खेळाडू म्हणजे शेठजींची आई. सगळी बिल्डिंग त्यांना ‘बा’ म्हणते. बांची नजर तेव्हाच अधू झाली होती आणि त्या खेळायच्याही ब्लाइंड. पानं न बघता शांतपणे रुपया पुढे सरकवायचा आणि जपमाळ ओढायची.

तीन पत्तीत पानं न बघणाऱ्याने एक रुपया लावला, तर बघितलेल्याला तेवढ्याच चालीसाठी दोन लावावे लागतात. माझा स्वभाव बघणाऱ्याचा. आधी दोन पानं बघायची. चौकटची सत्ती आणि अठ्ठी! मग तिसरं पान त्या दोघींच्या मागे लपवून कोपऱ्यातून दोऱ्याएवढं सरकवायचं. लाल दिसतंय का? टोक दिसतंय का? बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभा असलेला बापदेखील एवढ्या काळजीने दाराकडे बघत नाही.

एकदा बँकेत गर्दी कमी होती तेव्हा रद्दी व्हाउचरच्या पाठीवर मी हिशोब मांडला. सत्ती-अठ्ठी हातात आल्यावर उरलेली पानं पन्नास. त्यांतली छक्की आणि नव्वी चौकटची असेल तरच शुद्ध सिक्वेन्स, म्हणजे पन्नासात दोन. साधी सिक्वेन्स आणि कलर धरले तर कामाची पानं एकूण सतरा. पन्नासात सतरा म्हणजे चौतीस टक्के. तिघांत एकदा काहीतरी चांगलं होणार! पण उरलेल्या दोन वेळा मी दुप्पट पैसे मोजून फक्त बघितलेलं असणार, हे त्या व्हाउचरवर लिहायचं राहून गेलं.

त्याच व्हाउचरवर मला आणखी एक गंमत सापडली. बावन्न पानांतून तीन पानांचे हात होतात २२,१००. त्यांत तिन्ही पानं सारखी येण्याचे प्रकार ५२ आणि शुद्ध सिक्वेन्सचे ४८. म्हणजे शुद्ध सिक्वेन्स जास्त दुर्मीळ, तरी मान मात्र तीन एक्क्यांना, तीन दुऱ्यांना! गुणवत्ता आणि बढती यांचा संबंध नसतो हे बँकेत माहीत होतं. पत्त्यांतही तसंच निघालं. हे मी बांना सांगितलं. त्यांनी जपमाळ थांबवून ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘जोवानुं मोंघुं पडे, साहेब.’’ बघणं महाग पडतं. आणि माझे सात रुपये पदरात ओढले.

२०१९ च्या दिवाळीत आमचे भाचेबुवा पुण्याहून आले आणि आमचं पत्तेशिक्षण बदाम सातवरून थेट अमेरिकेत गेलं. तो हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीत काँप्युटरशी बोलतो. त्याने आम्हाला पोकर शिकवला. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी. सातांतून पाचांचा चांगला हात करायचा. मधली पानं एकदम उघडत नाहीत. आधी तीन, मग एक, मग एक. पहिल्या तिघांच्या उघडण्याला ‘फ्लॉप’ म्हणतात. ज्या खेळाची सुरुवातच फ्लॉपने होते, तो खेळ माझ्यासाठी आहे हे मी तिथेच ओळखलं.

आणि काय सांगू! या खेळात आमच्या सत्ती-अठ्ठीला चक्क पदवी आहे. ‘सूटेड कनेक्टर’. एकाच रंगाची, लागून आलेली दोन पानं. भाचा म्हणाला, ‘‘मामा, दोन पानांच्या जोड्या होतात १३२६. त्यांत सूटेड कनेक्टर फक्त बावन्न. म्हणजे पंचवीस-सव्वीस डावांत एकदा येणार. लोक यांच्या प्रेमात पडतात.’’

‘‘मी तर बालपणीच पडलोय,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणूनच ऐका. दोन्ही पानं एका रंगाची आहेत म्हणून माणूस खूश होतो. पण नुसत्या रंगाने जिंकण्याची शक्यता वाढते तीन-चार टक्क्यांनी. बाकी सगळं सौंदर्य. फ्लॉपलाच तयार कलर मिळणार एकशे अठरा वेळांत एकदा. चार पानं एका रंगाची होऊन एकाची वाट बघत बसणं, हे मात्र नऊ वेळांत एकदा होणार. आणि तसं बसल्यावर शेवटपर्यंत पान येणार शंभरात पस्तीस वेळा.’’

मग त्याने बोटं मोडत नियम सांगितले. एक, सत्ती-अठ्ठी स्वस्तात बघायला मिळाली तरच बघायची; कुणी मोठी रक्कम लावली की टाकायची. दोन, आपली पाळी शेवटी असेल तेव्हाच खेळायची, म्हणजे बाकीच्यांनी काय केलं ते आधी कळतं. तीन, डावात चार-पाच जण हवेत आणि त्यांच्यापुढे पैशांचा ढीग हवा. कारण हे पान क्वचित लागतं, पण लागलं तर मागचं सगळं भरून निघालं पाहिजे. समोर एकच माणूस एक्क्यांची जोडी घेऊन बसला असेल, तर सत्ती-अठ्ठी त्याला चारांत जेमतेम एकदा हरवते. चार, फ्लॉपमध्ये काही लागलं नाही तर निमूट टाकायची. आणि पाच, कलर लागला तरी आपला कलर अठ्ठीचा आहे हे विसरायचं नाही. राजाचा कलर कुणाकडे तरी असू शकतो.

‘‘आणि जगातले मोठे खेळाडू काय करतात?’’ मी विचारलं.

‘‘डॉइल ब्रन्सन म्हणून एक होता. अशा लहान लहान जोड्यांवर त्याचा फार जीव. १९७६ आणि १९७७, लागोपाठ दोन वर्षं तो जगज्जेता झाला.’’

‘‘सत्ती-अठ्ठीवर?’’

‘‘नाही. दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी आणि दुर्री होती.’’

दश्शी आणि दुर्री! शेजारी तर सोडाच, एका वॉर्डातलीसुद्धा नाहीत. पण मी या सगळ्या व्याख्यानातून नेमका एवढाच भाग लक्षात ठेवला, की जगज्जेत्याचा लहान पानांवर जीव होता. पाच नियम मी वहीत लिहून घेतले. विद्यार्थिदशेपासून माझी हीच पद्धत आहे. वहीत लिहिलं की ते डोक्यात ठेवावं लागत नाही.

आता जे सांगणार आहे ते पाच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या. पावसाळ्यात आम्हा बँकवाल्यांसाठी त्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा आठ-बाराच्या डब्यात मी एकटा. टेलिफोनवाल्यांनी जानेवारीअखेर स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. इन्शुरन्सवाले घरून काम करत होते. पोस्टवाल्यांची ड्यूटी दुसरीकडे लागली होती. ज्या डब्यात एका पायावर उभं राहायला जागा मिळाली तर सत्यनारायण घालावासा वाटायचा, तिथे अख्खं बाक माझं होतं. ब्रीफकेस मांडीवर आडवी होती आणि समोर गुडघे नव्हते. मग मी मोबाइल काढला. एका कंपनीने पोकर खेळायला शंभर रुपये फुकट देऊ केले होते. फुकट मिळतंय म्हटल्यावर मुलुंडचा माणूस निदान चौकशी तरी करतोच.

ते शंभर नाहूरपर्यंत संपले. मग मी माझे शंभर घातले.

भाच्याचे पाचही नियम मी त्या डब्यात क्रमाने मोडले. स्वस्तात बघायचं म्हणून बसायचो. कुणी चाळीस लावले, की वाटायचं, चाळीसच तर आहेत. कुणी साठ लावले, की वाटायचं, आता एवढे घातलेच आहेत. समोर ढीग असणाऱ्यांशी खेळायचं हे खरं. पण आपल्यापुढेही ढीग लागतो, नाहीतर पान लागलं तरी मिळणार किती? माझ्यापुढे तीनशे रुपये असायचे. सत्ती-अठ्ठी, छक्की-सत्ती, अठ्ठी-नव्वी. एका रंगाची शेजारीण दिसली की माझं बोट आपोआप बटणावर. नसली तर ‘जवळजवळ’ शेजारीण चालायची. येईल, येईल. मुलुंड ते व्ही.टी. आणि व्ही.टी. ते मुलुंड. रात्री झोपेतसुद्धा मी ‘येईल’ म्हणायचो, असं पुढे कळलं.

बँकेत कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला, की आम्ही ते खातं अनुत्पादक धरतो. साहेबापासून शिपायापर्यंत कुणी त्यात भावना आणत नाही. बी.कॉम.ला कॉस्टिंगच्या पेपरात शिकवलं होतं, की बुडालेला खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, तो बुडाला. त्या पेपरात मला सत्तेचाळीस मार्क होते. उरलेल्या त्रेपन्नांत हा मुद्दा गेला असावा.

२०२१ च्या जानेवारीत एका सकाळी शीव सुटलं आणि चौकटची सत्ती-अठ्ठी आली. फ्लॉप उघडला. तिन्ही पानं चौकट! एकशे अठरांत एकदा येणारं ते भाग्य, तयार कलर, शीव आणि माटुंग्याच्या मध्ये माझ्या हातात उतरलं होतं. सात महिने ज्याची वाट बघितली ते आलं. मी खात्यातून लागोपाठ भरत गेलो. समोरचाही लावत गेला. पानं उघडली. त्याच्याकडे चौकटचा राजा आणि चौकटची पंजी होती. त्याचाही कलर, आणि राजाचा. सहा हजार दोनशे रुपये गेले. इतके दिवस पान न आल्यामुळे एका डावात कधी एवढे गेले नव्हते. ते पान आल्यामुळे गेले.

व्ही.टी.ला उतरून ते ॲप काढून टाकलं आणि दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. संध्याकाळी कॅश पहिल्या झटक्यात टॅली झाली. माझी बेरीज मी घरी येताना केली. एकूण ४१,३५०.

हे पैसे ओट्याचे होते. आमच्या स्वयंपाकघरातला कडाप्प्याचा ओटा मध्ये तडकला होता, त्याच्या फटीत मुंग्या नांदत होत्या आणि तिथे ग्रॅनाइट बसवायचं ठरलं होतं. मी हिला म्हटलं, ‘‘अगं, सध्या दगडाचे भाव फार वाढलेत. पुढच्या वर्षी बघू.’’ ही ‘‘बरं’’ म्हणाली. बायको वाद न घालता ‘बरं’ म्हणते तेव्हा शहाण्या माणसाने घाबरावं. मी सुटलो असं समजलो. पुढे २०२२ साली हिने भिशीचे पैसे आले म्हणून ओटा करून घेतला आणि तो विषय मी मनातल्या मनात बुडीत खाती टाकला.

मग आली २०२५ ची गोकुळाष्टमी. बाहेर पाऊस कोसळत होता, भाचा मुक्कामाला होता आणि समोरच्या घरची तरुण मंडळी आमच्याकडे जमली होती. बा आता नव्वदीला टेकल्या आहेत, त्या खुर्चीत नुसत्या बघायला बसल्या होत्या. पैसे लावायचे नाहीत असं हिनेच जाहीर केलं आणि डब्यातले कडवे वाल काढून प्रत्येकापुढे पन्नास पन्नास मोजून ठेवले. खेळ पोकर. मी पाच वर्षांत पत्त्याला हात लावला नव्हता. पण वालाला कोण भितो?

तासाभराने माझ्या हातात चौकटची सत्ती आणि चौकटची अठ्ठी आली.

मी बांकडे बघितलं. त्या जपमाळ ओढत होत्या. फ्लॉप उघडला. चौकटची नव्वी, किलवरची दश्शी, चौकटची दुर्री. बाकीच्यांनी पानं टाकली. राहिलो मी आणि ही. हिने आपल्यापुढचा वालांचा सगळा ढीग दोन्ही हातांनी मध्ये लोटला.

माझ्या डोक्यात कॅल्क्युलेटर सुरू झाला. आणखी कुठलंही चौकट आलं तर कलर, ती पानं नऊ. कुठलीही छक्की किंवा गुलाम आला तर सिक्वेन्स, ती आठ. त्यांतली दोन चौकटमध्ये मोजली गेली, राहिली सहा. एकूण पंधरा पानं माझी, आणि उघडायची पानं दोन. चोपन्न टक्के! आयुष्यात पहिल्यांदा सत्ती-अठ्ठी माझ्या बाजूने होती. भाच्याच्या वहीप्रमाणे इथे सगळं लावायला हवं होतं. मी वालांना हात घातला.

तेवढ्यात ही, पानांवरची नजर न हलवता, अगदी हळू म्हणाली, ‘‘काय, येईल येईल वाटतंय?’’

माझा हात वालांतच राहिला. तो शब्द माझा होता, तो सूरही माझा होता, आणि तो रिकाम्या डब्यातला होता. मी हिच्याकडे बघितलं. हिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टाही नव्हती. पासबुकावरची शिल्लक वाचताना माणसाचा चेहरा असतो, तसा होता.

‘‘पॅक,’’ मी म्हटलं आणि पानं खाली ठेवली.

भाच्याने माझी पानं उलटली आणि डोक्याला हात लावला. ‘‘मामा! हे टाकायचं पान होतं? सगळ्या आयुष्यात एकदा लावायची वेळ आली आणि तुम्ही टाकलंत?’’ त्याने मामीची पानं बघितली. राण्यांची जोडी. मग त्याने पुढचं पान उघडलं. किलवरचा गुलाम! सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम. माझी सिक्वेन्स सतरंजीवर हारीने झोपली होती. बा खुर्चीतून म्हणाल्या, ‘‘सारुं कर्युं, साहेब.’’ बरं केलंत. अधू नजरेने त्यांना काय दिसलं होतं, देव जाणे.

मंडळी पांगल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. ही वाल निवडत होती.

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘एक्केचाळीस हजार तीनशे पन्नास,’’ ही म्हणाली. ‘‘खातं जॉइंट आहे. दिवाळीआधी पासबुक भरून आणलं, पुन्हा संक्रांतीला भरून आणलं. बँकेतल्या माणसाने लपवावं तरी दुसरीकडे.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘बोलले असते, तर तुम्ही भरून काढायला बसला असतात.’’

यावर मला काही सुचलं नाही. भाच्याच्या पाच नियमांत हा नव्हता.

‘‘आणि ओटा?’’

‘‘भिशीचे वीस होते. वरचे माझे. दोन वर्षं बिल्डिंगमधल्या साड्यांना फॉल लावत होते, ते काय हौस म्हणून?’’

मी ओट्यावर हात ठेवून उभा राहिलो. गार होता. तीन वर्षं मी त्यावर चहाचा कप ठेवत होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं, की हे पैसे आले कुठून. दुसऱ्यांच्या खात्यात शंभर रुपये जास्त दिसले तर मी तीन वेळा व्हाउचर तपासतो.

‘‘अगं, पण आज गुलाम आला होता,’’ मी आपलं काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं.

‘‘आला होता ना? मग झालं तर. नशीब चांगलं आहे तुमचं. ते पत्त्यांत कशाला घालवता?’’

त्यानंतर आठवड्याभरातच, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्याचा असो की नशिबाचा, भेद ठेवला नाही. टेलिफोनवाल्यांचा फोन आला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर त्यांनी पंचवीस मिनिटं भाषण दिलं. मी ऐकून घेतलं आणि त्यांना सांगितलं, की त्यांचा कुर्ल्याचा नियम बरोबर होता. ते म्हणाले, ‘‘बँकवाले, तो नियम मी स्वतः कधी पाळला नाही. पण चहा तुम्हीच पाजत होता.’’

हिने ते सगळे वाल त्याच रात्री भिजत घातले. मोड येऊन, सोलून, दोन दिवसांनी त्यांची उसळ पानात आली. माझ्या वाटीत किती वाल होते ते मी मोजले नाहीत.